कित्ता कुणाचा?

"फळ्यावर तुम्ही एक वाक्य लिहिता आणि वर्गातली सगळी पोरं त्याच घाटाचं दुसरं वाक्य लिहून काढतात. बाई, याला लेखन म्हणायचं? मी तर याला उतारा म्हणेन. शब्द तेवढे बदललेले."

गुरुजींचा आक्षेप हवेतून आलेला नव्हता. अंजूरच्या आगरी घरातला जन्म, उभी नोकरी भिवंडी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि आता निवृत्ती. त्यांच्याशी वाद घालणाऱ्या बाई त्याच तालुक्यात चौथीचा वर्ग घेतात. मुलांना वाक्य लिहायला शिकवायचं तर आधी चांगल्या वाक्याचा नमुना द्यावा आणि त्याच्या बांधणीवर मुलांनी स्वतःचं वाक्य रचावं, असं बाईंचं म्हणणं आहे.

"'शुद्धलेखन' या शब्दाचं आपण काय केलं ते बघा," गुरुजी म्हणाले. "अर्थ काय, तर शुद्ध लिहिणं. पण कुठल्याही पोराला विचारा, तो सांगेल, पुस्तकातल्या दहा ओळी दुरेघी वहीत उतरवून आणायच्या. मी वर्षानुवर्षं त्या वह्या तपासल्या. अक्षर वळणदार झालं, काना-मात्रा जागच्या जागी आल्या. पण त्याच पोराला म्हटलं, काल घरी काय झालं ते चार ओळीत लिही, की तो पेन्सिल चावत बसायचा. दहा ओळी बिनचूक उतरवणाऱ्या हाताला स्वतःची एक ओळ सुचायची नाही. आपली परंपराच गिरवण्याची. पंतोजींच्या शाळेत पोरं धुळपाटीवर काडीनं अक्षरं गिरवायची, पुढे पाटी आली, मग वही आली. गिरवणं काही सुटलं नाही. तुम्ही अक्षराच्या जागी वाक्य आणलंत, एवढाच फरक."

"तेवढाच फरक असता तर मी हा खटाटोप केलाच नसता," बाई म्हणाल्या. "उताऱ्यात हात राबतो आणि डोकं झोपतं, हे मला मान्य आहे. मी काय करते ते सांगते. मागे मी फळ्यावर लिहिलं, 'भात झोडून, पेंढा रचून, हातपाय धुऊन आजी ओट्यावर येऊन बसली.' नियम एकही सांगितला नाही. आजीनं किती कामं केली आणि वाक्य कुठे संपलं, एवढंच विचारलं. मग म्हटलं, आता आपापल्या घरातल्या माणसाबद्दल लिहा. एका मुलानं लिहिलं, 'टेम्पो भरून, दोर आवळून, पावती घेऊन पप्पा गाडीत जाऊन बसले.' गुरुजी, हाच मुलगा आधी कसं लिहायचा? 'पप्पा टेम्पो भरतात. मग पप्पा दोर बांधतात. मग पप्पा पावती घेतात.' मग, मग, मग. त्याला बापाचं काम सगळं ठाऊक होतं. ते एका दमात सांगायची सोय त्याच्याकडे नव्हती. ती त्या वाक्यानं दिली. आजी त्याची नाही, भात त्याचा नाही, पण दोर आवळणारा बाप त्याचाच आहे. 'आवळून' हा शब्द मी दिला नव्हता.

"आणि व्याकरण यातूनच येतं. त्याच दिवशी एका मुलीनं लिहिलं, 'आई बाजारात जाऊन मी भात खाल्ला.' वर्ग हसला. का हसलात म्हटलं, तर कुणाला सांगता येईना. कानाला खटकलं होतं, एवढंच. शेवटी एक जण म्हणाला, 'बाई, जाणारी आई आहे आणि खाणारी ही आहे.' नियम तो हाच, की 'ऊन' लावलेली सगळी कामं एकाच माणसानं केलेली असावी लागतात. 'जाऊन' काढून 'गेल्यावर' घातलं की वाक्य सरळ होतं, हेही त्यांनीच शोधलं. धातुसाधित हा शब्द त्यांनी अजून ऐकलेलाही नाही."

बाईंच्या या उदाहरणात एक गोष्ट दडलेली आहे. नमुन्यावरून वाक्य शिकवण्याची पद्धत अमेरिकेत डॉन किलगॅलन यांच्या पुस्तकांमुळे बरीच पसरली. नामांकित लेखकांची वाक्यं घ्यायची, त्यांचे तुकडे विस्कटून पुन्हा लावायचे, सुटी वाक्यं जोडायची, बांधणीची नक्कल करायची, वाक्य वाढवायचं. पण इंग्रजी वाक्य कर्ता-क्रियापद पुढे टाकून मोकळं होतं आणि मागे शेपूट वाढवत जातं. मराठीचं क्रियापद शेवटी येतं. झोडून, रचून, धुऊन ही सगळी वऱ्हाडी मंडळी आधी बसतात आणि 'बसली' हे क्रियापद येईपर्यंत ऐकणारा ताटकळतो. त्यामुळे इंग्रजी पुस्तकातला नमुना भाषांतर करून फळ्यावर मांडला तर मराठी मुलाला वाक्य तर येणार नाहीच, असलेला कानही बिघडेल. मराठीची वळणं मराठीतूनच उचलायला हवीत. 'जसजसं-तसतसं', 'जरी-तरी', 'जो-तो', 'करता करता', 'केलेला-करणारा' अशी कितीतरी. या एका बाबतीत दोघांचं दुमत नव्हतं.

गुरुजींना खटकत होतं ते वेगळंच. "वळणं मराठीची असली म्हणून ती निरुपद्रवी होत नाहीत. मुलगा वाक्याचा घाट उचलतो तेव्हा त्याच्यासोबत विचारही उचलतो. तुम्ही 'जसजसं-तसतसं' शिकवलंत. पोरानं लिहिलं, 'जसजशी गोदामं वाढली, तसतशी शेतं कमी झाली.' वाक्य बिनचूक, तुम्ही त्याला शाबासकी देणार. पण अंजूर फाट्यापासून मानकोलीपर्यंत जा आणि गोदामांमागच्या घरांत विचारा. कुणाची जमीन गेली, कुणाला भाडं सुरू झालं, कुणाचा पोरगा तिथेच सुपरवायझर आहे, आणि त्याच घरातली म्हातारी अजून खाडीकाठच्या खारीतल्या भाताची चव काढते. पोराच्या मनात हे सगळं एकत्र आहे. तुमच्या साच्यात एक वाढतं, दुसरं घटतं. बाकीचं सांगायला त्यात जागाच नाही. पोराला वाटतं, आपण विचार केला. विचार साच्यानं केला, पोरानं रकाने भरले.

"आणि ही वाट जाते कुठे ते मला ठाऊक आहे. ती 'पावसाळ्यातील एक दिवस'ला जाते, 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त'ला जाते. गाईडमध्ये नमुना निबंध असतो, पोरं तो घोकतात. राज्याच्या दोन टोकांच्या पोरांच्या निबंधात पाऊस एकाच वाक्यानं पडतो. जिथे दर पावसाळ्यात सखल रस्त्यांवर पाणी भरतं, दप्तर डोक्यावर घेऊन पोरं घरी जातात, तिथल्या पोराच्याही निबंधात मोर नाचतो! त्यानं मोर पाहिलेला नाही, त्यानं पाहिलंय गोदामात शिरलेलं पाणी. हा खोटेपणा त्याला कुणी शिकवला? नमुन्यानं शिकवला."

बाईंनी हा मार अंगावर घेतला. गाईडच्या निबंधाचा बचाव त्यांना करायचाच नव्हता. "मोर मलाही नको, गुरुजी. पण मोर आला तो नमुना दिला म्हणून की नको तेवढा दिला म्हणून? गाईड अख्खा निबंध देतं. वस्तू, विचार, भावना, सगळं शिजवलेलं. मुलानं नुसतं वाढायचं. मी फक्त भांडं देते. तुमच्या 'जसजसं-तसतसं'ला मी दुसरं भांडं देईन. 'जरी शेत गेलं तरी भाडं येतं. पण आजी अजून तांदूळ विकत घ्यायला तयार नाही.' हे वाक्य लिहायला मुलाकडे 'जरी-तरी' हवं आणि 'पण' हवा. एकच वळण ठाऊक असलेलं मूल त्या वळणाचा कैदी होतं, हे तुमचं बरोबर. त्यावर उपाय वळणं काढून घेणं नव्हे, दहा वळणं देणं हा आहे. नुसतं 'मनातलं लिही' म्हटल्यावर 'मग, मग, मग' लिहिणाऱ्या पोराला आपण मोकळं सोडत नाही, वाऱ्यावर सोडतो.

"इरॅस्मसनं १५१२ मध्ये मुलांच्या लेखनासाठी एक लॅटिन पुस्तक काढलं. त्यात 'तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला' एवढाच मजकूर त्यानं शंभराहून जास्त तऱ्हांनी लिहून दाखवला. एवढ्या तऱ्हा हाताशी आल्यावर कुठली घ्यायची हे लिहिणाऱ्याला ठरवावंच लागतं. तिथे डोकं चालतं."

"शंभर तऱ्हा! आणि मजकूर एकच," गुरुजी म्हणाले. "त्याला शंभर तऱ्हा सुचल्या कारण लॅटिनमध्ये तो मुरलेला होता. पोरांनी त्या शंभरातल्या चार पाठ केल्या असतील."

"बरं, मग आकड्यांचं बघू. २००७ मध्ये अमेरिकेत स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी 'रायटिंग नेक्स्ट' हा अहवाल काढला. चौथी ते बारावीच्या मुलांचं लेखन कशानं सुधारतं, यावर झालेले पुष्कळ प्रयोग एकत्र ताडून पाहिले. नुसते व्याकरणाचे तास घेतल्यानं लेखन सुधारल्याचं दिसलं नाही, उलट परिणाम उणे निघाला. सुटी वाक्यं जोडून मोठं वाक्य करायच्या सरावाचा परिणाम ०.५० आणि नमुन्यांच्या अभ्यासाचा ०.२५."

"म्हणजे तुमच्या नमुन्याचं माप जोडकामाच्या निम्मं," गुरुजींनी लगेच पकडलं. "जोडकामात वाक्यं पोराची असू शकतात. 'पप्पा टेम्पो भरतात, मग दोर बांधतात' ही त्याचीच वाक्यं. ती जोडायला सांगा की! मध्ये आजी कशाला हवी?"

हा आकडा बाईंनी स्वतःहून पुढे ठेवला आणि तो त्यांच्यावरच उलटला. त्यांनी ते झाकलं नाही. जोडकामही आपण घेतो, पण कशानं जोडायचं हे मुलाला कुठून तरी ऐकू यावं लागतं, असं त्या म्हणाल्या. जोडणारा 'ऊन' फळ्यावरच्या आजीच्या वाक्यातून आला होता. शिवाय तो अभ्यास इंग्रजीत लिहिणाऱ्या मुलांचा, त्यावरून भिवंडीचा निकाल लावायला त्यांचंही मन धजत नव्हतं.

मग गोष्ट जुन्या काळात गेली, आणि तिथे गुरुजी अधिक रमले.

"आपल्याकडे नमुन्यावरून लिहिण्याचं शास्त्र फार जुनं. समर्थांनी दासबोधाच्या १९व्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेला दिला. अक्षर, ओळ, समास कसा सोडावा, शाई कशी असावी, सगळं. त्याआधीचं हेमाडपंताच्या नावावर सांगितलं जाणारं मेस्तक आहे. कुणाला कसं पत्र लिहावं, वडिलांना काय मायना, धन्याला काय, बरोबरीच्याला काय, याचे ठरीव नमुने. पिढ्यान्पिढ्या कारकून ते गिरवत आले. आता बघा, आमच्या या गावच्या गंगाजी नाईकांचं नाव वसईच्या मोहिमेत येतं. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्यामागे या खाडीपट्ट्यातल्या लोकांची वर्षानुवर्षांची खटपट होती. त्या काळची मराठी पत्रं कुठलीही काढा. वरचा मायना ठरलेला, खालचं 'बहुत काय लिहिणे' ठरलेलं. पण मधला मजकूर? तोफा किती, दारू किती उरली, पाऊस कधी लागेल, कोण फितूर होईल. तो माणूस बोलतो तसा लिहिलेला आहे, आखूड आणि तातडीचा. साचा फक्त दाराशी आणि उंबरठ्याशी होता, घरात नव्हता. तुम्ही साचा घरात नेताय, बाई. मजकुरात."

या भेदावर थोडं थांबायला हवं. मायना आणि मजकूर ही जोडी शाळेतल्या लेखनाला चपखल लागू पडते. दहावीच्या कृतिपत्रिकेत पत्र, बातमी, जाहिरात असं उपयोजित लेखन असतं, आणि त्याची तयारी बहुतेक वर्गांत मायन्यापाशीच संपते. दिनांक कुठे, विषय कुठे, 'आपला विश्वासू' कुठे, हे मुलांना तोंडपाठ असतं. मधल्या चार ओळींत पाणी का येत नाही, किती दिवसांपासून येत नाही, त्यामुळे कुणाचं काय अडलं, हे लिहिताना हात थबकतो.

बाई तिथूनच बोलल्या. "थबकतो, कारण मजकुराला आपण कधी आकार दाखवलाच नाही. मायन्याचे नमुने दिले आणि मजकूर 'आपोआप' येईल म्हणून सोडून दिला. त्या पत्रांतला मजकूर आपोआप आला नव्हता, गुरुजी. ती माणसं रोज पत्रं वाचत होती, लिहीत होती. दुसऱ्याच्या मजकुराचा घाट त्यांच्या कानात बसला होता. कुणी शिकवला नाही एवढंच. आपल्या चौथीच्या मुलाच्या घरात पत्र नाही, वर्तमानपत्र नाही, गोष्टीचं पुस्तक नाही. चिपळूणकरांनी १८७४ मध्ये निबंधमाला सुरू केली तेव्हा मराठी गद्याला नवा जोम आला, हे आपण अभिमानानं सांगतो. पण त्या जोमामागे इंग्रजी निबंधकारांचं वाचन होतं. वडिलांनी, कृष्णशास्त्र्यांनी हाती घेतलेलं जॉन्सनच्या 'रासेलस'चं भाषांतर विष्णुशास्त्र्यांनी पुरं केलं. परक्या वाक्याशी इतका वेळ झटापट केल्यावरच त्यांचं स्वतःचं वाक्य घडलं. बेंजामिन फ्रँकलिननं तर आत्मचरित्रात लिहूनच ठेवलंय. 'स्पेक्टेटर'मधले निबंध वाचायचे, मुद्दे टिपून ठेवायचे, काही दिवसांनी तेच निबंध आपल्या शब्दांत उभे करायचे आणि मग मुळाशी ताडून चुका शोधायच्या. मोठमोठ्यांनी हे केलं. मग माझ्या मुलांनी का करू नये?"

"फ्रँकलिनला 'स्पेक्टेटर' कुणी नेमून दिला होता?" गुरुजींनी विचारलं. "चिपळूणकरांना जॉन्सन कुणी फळ्यावर लिहून दिला? त्यांनी आपला गुरू आपण निवडला. आवडला म्हणून गिरवला. मीही इंग्रजी तर्खडकरांच्या पाठमालेवर शिकलो. नमुना वाक्य, त्याच्याखाली तशीच वाक्यं, पुन्हा भाषांतर. त्याचा उपकार मी विसरणार नाही, कारण इंग्रजी मला परकी होती आणि परकी म्हणूनच शिकायची होती. मराठी मला परकी नव्हती. ती शाळेनं परकी केली.

"ऐका. मी तिसरीत होतो. घरच्यांबद्दल चार ओळी लिहायच्या होत्या. मी लिहिलं, 'आमचा बाबा खारीन गेला.' त्या वेळच्या मास्तरांनी दोन जागी लाल रेघ मारली. 'खारीन' नाही, 'खारीत'. हे मी समजू शकतो. दुसरी रेघ 'आमचा बाबा गेला'खाली. वडिलांना एकेरी? लाज नाही वाटत? 'आमचे बाबा गेले' असं दहादा लिही. मी लिहिलं. बाई, आमच्या घरात बाबाला कुणी अहो-जाहो केलं नव्हतं. त्याच्यावर आमचं प्रेमही होतं आणि धाकही होता, आणि दोन्ही एकेरीत मावत होतं. त्या दिवशी दहा ओळी लिहिताना मला पहिल्यांदा वाटलं की आपण घरात बापाचा अपमान करतो. त्या नमुन्यानं मला वाक्य नाही शिकवलं, माझं वाक्य माझ्याकडून काढून घेतलं. मग मीच मास्तर झालो आणि इतरांच्या पोरांची वाक्यं खोडली. फळ्यावरचा नमुना मला भिववतो तो म्हणून."

काही वेळ बाईंकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी बाजू बदलली नाही, पण प्रश्न बदलला.

"त्या मास्तरांनी वाक्याची बांधणी कुठे सुधारली? त्यांनी रूप बदललं, मान बदलला. 'आमचा बाबा खारीन गेला' आणि 'आमचे बाबा खारीत गेले', बांधणी एकच आहे. कोण, कुठे, काय केलं, क्रियापद शेवटी. माझ्या वर्गातल्या मुलाचं समजा वाक्य आलं, 'आमच्या शेतान मातीची गारी आयली.' प्रमाण मराठीत, 'आमच्या शेतात मातीची गाडी आली.' पाचच शब्द दोन्हीकडे आणि एकाच क्रमानं. 'शेतान'चा 'न', 'गारी'चा 'र' आणि 'आयली'. तीन ठिकाणी वेगळा आवाज, बाकी वाक्य जसंच्या तसं. म्हणजे माझा नमुना मुलाला बोलीतसुद्धा गिरवता येईल. 'शेतान मातीची गारी येऊन, माती वतून परत गेली,' असं तो लिहू शकेल. मी बांधणी शिकवीन, बोलीला हात लावणार नाही.

"आणि गिरवणं म्हणजे लादणंच असतं असं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांच्या. त्यात ओवीचा साचा ठरलेला. त्याच साच्यात कुणी भावाची वाट पाहते, कुणी सासूला बोल लावते, कुणी बाबासाहेबांना घरी बोलावते. साच्यानं त्यांचं तोंड बंद केलं नाही, उघडलं."

"तुम्ही लाखाचं सांगितलंत, मी एकीचं सांगतो," गुरुजी म्हणाले. "आमच्या लग्नात धवलारीण असते. धवले म्हटल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. ती शिकते कशी? म्हातारीच्या मागे बसते, तिच्या सुरात सूर मिसळते, ओळीचा शेवट तेवढा उचलते. मग कधीतरी नवरीचं नाव, गावाचं नाव घालून आपली ओळ लावते. गिरवणंच आहे, मान्य. पण त्यात दोन गोष्टी आहेत. साचा तिच्याच बोलीतला आहे. आणि तिच्या ओळीखाली लाल रेघ कुणी मारत नाही. जमली तर बायका उचलतात, नाही जमली तर ती ओळ तिथेच विरते. तुमच्या वर्गात या दोन्ही गोष्टी आणता येतील?"

"पहिली येईल," बाई म्हणाल्या. "नमुना माझाच असावा असं कुठे आहे? मुलाचं वाक्य फळ्यावर घ्यायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या वळणावर लिहायचं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, तेव्हा ते आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. पुढे त्या आणि अनुताई वाघ कोसबाडला गेल्या आणि वारली पोरांच्या मागे कुरणापर्यंत शाळा घेऊन गेल्या. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळेनं मुलाकडे जायचं. फलटणला मॅक्सिन बर्नसन आल्या त्या लोकांच्या बोलण्यावर संशोधन करायला. त्याच गावात राहिल्या आणि १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी केली. बोली कानात घेऊन शाळेत जाता येतं, याची ही घरचीच उदाहरणं आहेत. दुसरी गोष्ट, लाल रेघेची, माझ्या एकटीच्या हातात नाही. पाचवीला वेगळे शिक्षक असतात, पुढे बोर्डाची परीक्षा असते. तिथे 'शेतान'ला गुण जातात."

"मग तुम्ही त्याला 'शेतात' कधी शिकवणार?"

"बांधणी बसल्यावर. आधी वाक्य उभं राहू दे, मग त्याला बाहेर जायचे कपडे."

"घरचे कपडे आणि बाहेरचे कपडे. म्हणजे घरचे ते बाहेर चालणार नाहीत, हे पोराला कळलंच," गुरुजी हळूच म्हणाले. "पण जाऊ द्या, यावर मलाही दुसरा मार्ग माहीत नाही. मी वेगळं विचारतो. तुमच्या वर्गात सगळी आगरी पोरं नाहीत."

नाहीतच. गोदामांवर माल चढवायला-उतरवायला आलेल्या उत्तर प्रदेश, बिहारच्या कुटुंबांची मुलं बाईंच्या वर्गात आहेत. भिवंडी शहरात मराठीबरोबर उर्दू, हिंदी, तेलुगू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा यंत्रमागांच्या आधारानं उभ्या राहिल्या. गावाकडे मात्र जवळची शाळा म्हणजे जिल्हा परिषदेची मराठी शाळा. या मुलांसाठी बाईंना नमुन्याची गरज सगळ्यात जास्त वाटते, आणि इथे त्यांचं बोलणं आर्जवी झालं.

"त्या मुलांच्या कानात मराठी नाही, गुरुजी. 'मनातलं लिही' म्हटलं तर मनात हिंदी आहे. एक मुलगी लिहिते, 'मीने भात खाल्ला.' हिंदीत 'मैंने' म्हणतात, म्हणून 'मीने'. 'माझी पुस्तक' लिहिते, कारण हिंदीत दोनच लिंगं आहेत, नपुंसकलिंग ती आणणार कुठून? तिला मी नियम सांगत बसले तर ती गडबडते. पण 'मी भात खाल्ला, मी भाकरी खाल्ली, मी केळं खाल्लं' अशी तीन वाक्यं देऊन चौथं तिला करायला लावलं, की ती 'मी आंबा खाल्ला' म्हणते. 'ने' गळून पडतो. तिच्यासाठी नमुना ही दया नाही, हक्क आहे. तुम्ही तर्खडकरांवर शिकलात ना? तिची मराठी ही तुमची इंग्रजी आहे."

गुरुजींनी हे मनापासून मान्य केलं. परक्या भाषेला नमुना हवा, याबद्दल त्यांना शंका नव्हती. पण त्यांनी एक गोष्ट जोडली. ही मुलं मराठी आधी शिकतात ती बाईंच्या फळ्यावरून नव्हे, मधल्या सुट्टीत आगरी पोरांबरोबर खेळताना. तिथे ती 'मना दे', 'शेतान चल' शिकतात. म्हणजे त्या मुलीचा पहिला नमुना आगरीच असतो.

"तेच तर," बाई म्हणाल्या. "मग तिनं उद्या 'मीने शेतान भात खाल्ला' असं लिहिलं तर?"

"तर तुम्ही सांगा. 'मीने' खोडणार?"

"खोडणार. ती मराठी नाही."

"आणि 'शेतान'?"

"ठेवणार. ती आगरी मराठी आहे."

"एकाच वाक्यात एक शब्द खोडायचा आणि एक ठेवायचा. त्या पोरीला कसं समजावणार? तिच्या दृष्टीनं दोन्ही शब्द सारखे. एक आईकडून आला, दुसरा मैत्रिणीकडून. तुम्ही तिला सांगणार, मैत्रिणीचं चालेल, आईचं चालणार नाही. मला तिसरीत जे सांगितलं गेलं, तेच."

"नाही, तेच नाही," बाई ठामपणे म्हणाल्या. "तुमचं वाक्य मराठीच होतं. ते खोडणं अन्याय होता. हिचं 'मीने' तसंच ठेवलं तर पाचवीत, आठवीत, नोकरीच्या अर्जात लोक हसतील. ते न खोडणं हा अन्याय होईल."

"माझ्या मास्तरांनाही हेच वाटलं असेल. की 'आमचा बाबा' लिहिलं तर पुढे लोक हसतील."

बाईंनी यावर विचार केला आणि म्हणाल्या, "मी दोन्ही वाक्यं शेजारी-शेजारी फळ्यावर घेईन. 'मीने शेतान भात खाल्ला.' 'मी शेतात भात खाल्ला.' कुठलं चूक हे सांगणार नाही. वर्गाला विचारीन, यातलं काय कुणाच्या घरी बोलतात. आगरी मुलं 'शेतान' आमचं म्हणतील."

"आणि 'मीने'?"

"तेव्हा कुणीच बोलणार नाही कदाचित."

"ती बोलेल," गुरुजी म्हणाले. "ती म्हणेल, बाई, हे माझ्या घरचं आहे. तेव्हा तुमच्या हातात खडू असेल की डस्टर?"